मनगटाच्या मागे राहिलेली मूठ

श्रोतेहो, नमस्कार. हात मोकळे असतील तर बोलण्याआधी एक करून बघा. उजव्या हाताची बोटं डाव्या कोपराच्या जरा खाली, आतल्या मांसल भागावर टेकवा आणि डावी मूठ घट्ट आवळा. बोटांखाली काहीतरी टणक फुगलं ना? आता मूठ सोडा आणि बोटं मागे ताणा. या वेळी हालचाल कोपराखालीच, पण बाहेरच्या अंगाला जाणवेल.

बोटं मिटवणारे आणि उघडणारे मोठे स्नायू तळहातात नसतातच. ते कोपर आणि मनगट यांच्या मधे असतात आणि लांब दोऱ्यांनी बोटं ओढतात, कळसूत्री बाहुली नाचवावी तशी.

म्हणून कडबाकुट्टीत किंवा कारखान्यातल्या प्रेसखाली एखाद्याचा हात मनगटापाशी गेला, तरी ते स्नायू बहुतेक वेळा शाबूत राहतात. मेंदूचा हुकूम निघतो, नस तो पोचवते, स्नायू आवळतो. ओढायला बोटं तेवढी नसतात. असा माणूस घरी सांगतो, "माझी मूठ अजून आवळली जातेय." घरच्यांना वाटतं, धक्क्यानं याच्या मनावर परिणाम झालाय. तसं नाही हो. तो अगदी खरं सांगत असतो, आणि स्नायूंच्या इशाऱ्यावर चालणारा कृत्रिम हात याच खऱ्यावर उभा आहे.

स्नायू आवळतो तेव्हा त्यात बारीकशी वीज उठते आणि कातडीपर्यंत पोचते. किती बारीक? टॉर्चचा सेल दीड व्होल्टचा असतो. जोर लावून मूठ आवळली तरी कातडीवर त्याच्या हजाराव्या भागाच्या आसपास मिळते, पुष्कळदा त्याहून कमी. उरलेल्या हातावर जो साचा चढवतात, त्याला सॉकेट म्हणतात. त्याच्या आतून धातूच्या लहान चकत्या स्नायूवर टेकलेल्या असतात, त्या ही वीज टिपतात.

अडचण अशी की घरातल्या वायरिंगची 50 हर्ट्झची गुणगुणही आपलं शरीर अँटेनासारखं पकडतं. शेजारी मिक्सर लागला की रेडिओ कसा खरखरतो, तुम्हाला ठाऊकच आहे. त्यावरचा उपाय मला फार देखणा वाटतो. चकत्या जवळजवळ दोन ठेवायच्या. बाहेरची गुणगुण दोन्हींवर जवळपास सारखी येते, स्नायूची वीज मात्र दोन्हींवर वेगवेगळी. एकीतून दुसरी वजा केली की गुणगुण जाते आणि स्नायूचा इशारा उरतो. तो वाढवून मोटरला द्यायचा. आतला स्नायू आवळला की पंजा मिटतो, बाहेरचा आवळला की उघडतो.

1940 च्या दशकात जर्मनीत राइनहोल्ड रायटर यांनी असा हात करून दाखवला. पण तेव्हा व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांचा जमाना, सगळं यंत्र अंगावर वागवणं शक्य नव्हतं. ट्रान्झिस्टर आले आणि 1960 च्या सुमारास सोव्हिएत रशियात कोब्रिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाला घालून हिंडता येईल असा हात बनवला.

आणि हात खांद्यापासूनच गेला तर? अमेरिकेतले जेसी सुलिव्हन विजेच्या लाइनवर काम करायचे. 2001 साली जबर शॉक बसून त्यांचे दोन्ही हात खांद्यापासून गेले. शिकागोचे डॉक्टर टॉड कुइकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाताकडे जाणाऱ्या, आता रिकाम्या पडलेल्या नसा छातीच्या स्नायूंत नेऊन जोडल्या. काही महिन्यांनी सुलिव्हन यांनी मनात मूठ आवळली की छातीचा एक तुकडा आकसू लागला, आणि तिथल्या चकत्यांवरून यंत्राचा हात मिटू लागला. पुढे छातीवर स्पर्श केला की त्यांना तो गेलेल्या हातावर जाणवे. हे मी कितीदाही सांगितलं तरी माझ्या अंगावर काटा येतो.

तरीही घाई करू नका. या हातांना बहुधा स्पर्श कळत नाही, ग्लास किती जोरात धरलाय ते डोळ्यांनी बघावं लागतं. घाम आला, सॉकेट सरकलं की इशारा बिघडतो. पाणी, चिखल, धूळ यांच्याशी अशा बहुतेक हातांचं जमत नाही. शेतात राबणाऱ्याला खांद्याच्या पट्ट्यानं ओढायचा साधा हूकच जास्त सोयीचा पडतो, आणि तो घेण्यात कसलाही कमीपणा नाही. पुण्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर 1944 पासून हे काम करतंय, मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची संस्था आहे. काय बसवायचं ते तिथल्या तज्ज्ञांसमोर बसून, आपलं रोजचं काम सांगून ठरवा.

मात्र कोणता हात घ्यायचा हे ठरेपर्यंत स्नायूंना स्वस्थ बसू देऊ नका. वापरलं नाही तर ते वाळतात, आणि वाळलेल्या स्नायूचा इशारा मंदावतो. जखम भरली आणि डॉक्टरांनी होकार दिला, की रोज सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ गेलेली मूठ मिटायची, उघडायची. सुरुवातीला घरच्या कुणीतरी शेजारी बसावं आणि मघाशी आपण केलं तसंच कोपराखाली बोटं टेकवून सांगावं: हं, हललं. आता उघडा.