आधी भरपाई, मग नोंदणी: रग्बी लीगमधल्या दुसऱ्या संधीची गोष्ट

[दृश्य: सिडनी, रात्र. खच्चून भरलेलं स्टेडियम. घड्याळात शेवटचा मिनिट.]

१० जुलै २०१९. स्टेट ऑफ ओरिजिन, म्हणजे रग्बी लीगमधली न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंड या दोन राज्यांची तीन सामन्यांची मालिका; तिचा तिसरा सामना. मालिका एक-एक अशी बरोबरीत, आणि या सामन्यातही न्यू साउथ वेल्स २०, क्वीन्सलंड २०. ऐंशी मिनिटं संपत आली आहेत. चेंडू मिचेल पीअर्सच्या हातात येतो. तो उजवीकडे टॉम ट्रबोयेविचला पास देतो, ट्रबोयेविच कडेच्या ब्लेक फर्ग्युसनला. फर्ग्युसन साइडलाइन धरून सुसाट सुटतो आणि बचावपटू अंगावर येताच चेंडू आतल्या बाजूला सारतो. तिथे जेम्स टेडेस्को आहे. चेंडू गोलरेषेपलीकडे टेकतो. ट्राय! किकचे गुण धरून २६-२०. मालिका न्यू साउथ वेल्सची.

[दृश्य: तोच क्षण, संथ गतीत. पीअर्स आणि फर्ग्युसनवर चित्र थांबतं.]

या चौघांपैकी दोघांना काही वर्षांपूर्वी याच खेळानं बाहेर बसवलं होतं, आणि दोन्ही वेळा कारण मैदानाबाहेरचं होतं.

जानेवारी २०१६ मध्ये पीअर्सचा एक व्हिडिओ बाहेर आला. दारूच्या नशेत, कुणाच्या तरी घरी, अश्लील वर्तन. ऑस्ट्रेलियातली सर्वोच्च स्पर्धा चालवणाऱ्या लीगनं त्याला १ लाख २५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला, त्यातले ५० हजार स्थगित ठेवले, आणि आठ सामन्यांची बंदी घातली. फर्ग्युसनचं प्रकरण याहून गंभीर. जून २०१३ मध्ये सिडनीच्या क्रोनुला भागातल्या एका बारमध्ये त्यानं एका महिलेचा विनयभंग केला. न्यायालयानं त्याला दोषी ठरवून दोन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीचा बंधपत्र-आदेश दिला. लीगनं २०१४ साठी त्याची नोंदणीच नाकारली. २०१५ मध्ये तो सिडनी रूस्टर्स या क्लबकडून परतला.

हे दोन अपराध एका मापानं मोजता येणार नाहीत. पण त्या रात्री स्टेडियममध्ये जो जल्लोष झाला, त्यात दोन्ही सारखेच धुऊन निघाले. बघा, दिली ना संधी, केलं ना सोनं, असं म्हणायला सगळे मोकळे. इथेच आमचा आक्षेप आहे. अचूक पास दिला म्हणून संधी योग्य होती असं ठरत नाही, आणि तो पास चुकला असता तरी संधी अयोग्य ठरली नसती. संधी योग्य की अयोग्य, हे खेळाडू परत मैदानात उतरण्याच्या आधी, कागदावर आणि त्या मधल्या महिन्यांत ठरतं. हा माहितीपट त्या महिन्यांविषयी आहे.

[दृश्य: सकाळ. परमॅटा परिसर. शाळेच्या मैदानावर मुलं.]

खेळाची ओळख थोडक्यात. रग्बी लीगमध्ये एका बाजूला तेरा खेळाडू असतात. सहा टॅकलच्या आत गुण मिळाले नाहीत तर चेंडू समोरच्याकडे जातो. आपल्या कबड्डीतली पकड माहीत असलेल्या माणसाला टॅकल समजावून सांगावी लागत नाही. ऑस्ट्रेलियात या खेळाची सर्वोच्च स्पर्धा म्हणजे नॅशनल रग्बी लीग, बोलताना एनआरएल. सिडनीच्या पश्चिम उपनगरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे नाव नवं नाही. शेजारी, सहकारी, मुलांचे वर्गमित्र सोमवारी सकाळी याच खेळाबद्दल बोलत असतात. म्हणून खेळाडूनं बाहेर काही केलं की प्रश्न घराघरांत पोचतो: याला परत घ्यायचं का?

आता यंत्रणा पाहू, कारण लोक बहुतेक वेळा इथेच गोंधळतात.

क्लबनं खेळाडूशी करार केला म्हणजे तो खेळू शकतो, असं नाही. प्रत्येक करार लीगकडे नोंदवावा लागतो, आणि हा माणूस योग्य आहे का हे लीग तपासते. नोंदणी नाकारली तर हातातला करार नुसता कागद. म्हणजे दुसरी संधी देणारे दोघे असतात. क्लबचं लक्ष येत्या मोसमावर असतं. लीगनं पूर्ण खेळाकडे बघायचं असतं. दोघांची घाई एकसारखी झाली की चुका होतात.

दुसरी गोष्ट म्हणजे आरोप आणि दोष यांतलं अंतर. २०१८ च्या शेवटी आणि २०१९ च्या सुरुवातीला, मोसम बंद असताना, खेळाडूंवर एकामागून एक गुन्हे दाखल झाले. तेव्हा २८ फेब्रुवारी २०१९ रोजी लीगनं नवा नियम आणला. ज्या गुन्ह्याला कमाल शिक्षा अकरा वर्षं किंवा त्याहून जास्त आहे, असा गुन्हा दाखल झाला की खेळाडू आपोआप मैदानाबाहेर. त्याहून सौम्य गुन्ह्यांत, विशेषतः पीडित व्यक्ती महिला किंवा मूल असेल तर, निर्णय मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या हातात. पगार पूर्ण चालू, सरावाला परवानगी, सामना मात्र नाही. नियमाच्या नावातच 'नो फॉल्ट' आहे: दोषी ठरवलेलं नाही, फक्त बाजूला ठेवलं आहे.

[दृश्य: सिडनीतल्या न्यायालयाची पायरी. रिकामा ड्रेसिंग रूम. एकच जर्सी टांगलेली.]

नियमाचा पहिला फटका जॅक डी बेलिनला बसला. सेंट जॉर्ज इलावारा ड्रॅगन्सचा हा खेळाडू २०१८ मध्ये न्यू साउथ वेल्सकडून ओरिजिनचे तीनही सामने खेळला होता. त्याच डिसेंबरात त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचा गुन्हा दाखल झाला. त्यानं आरोप नाकारला आणि नियमालाच फेडरल कोर्टात आव्हान दिलं. मे २०१९ मध्ये ते फेटाळलं गेलं. पहिल्या खटल्यात ज्युरीचं एकमत झालं नाही. मे २०२१ मध्ये दुसऱ्या खटल्यात एका आरोपातून तो निर्दोष सुटला, उरलेल्यांवर पुन्हा एकमत नाही, आणि सरकारी पक्षानं आरोप मागे घेतले. जून २०२१ मध्ये तो परतला. गुन्हा दाखल झाला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता, परतला तेव्हा तीस. जवळपास अडीच मोसम गेले. या खेळात ही फार मोठी किंमत आहे, आणि पगार दिला म्हणून ती भरून निघत नाही.

तरीही नियम योग्य आहे, असं आम्हाला वाटतं. मॅनली क्लबच्या मनासे फाइनूचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये चर्चच्या एका नृत्यकार्यक्रमाबाहेर झालेल्या चाकूहल्ल्यात त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. नियमानुसार त्याला लगेच बाजूला केलं. २०२२ मध्ये तो दोषी ठरला आणि त्याला कमाल आठ वर्षांची शिक्षा झाली. नियम नसता तर मधले तीन मोसम तो दर शनिवार-रविवारी टीव्हीवर दिसला असता, आणि भोसकला गेलेला माणूस घरी बसून ते बघत राहिला असता.

पण डी बेलिनचं परतणं ही दुसरी संधी नव्हती. ज्याच्यावर दोष सिद्ध झाला नाही त्याला संधी 'देण्याचा' प्रश्नच येत नाही. खरा प्रश्न दोष कबूल केलेल्यांचा किंवा दोषी ठरलेल्यांचा आहे.

[दृश्य: न्यूयॉर्कमधल्या एका निवासी इमारतीचा दरवाजा, बाहेरून. मग ब्रिस्बेनचं सराव मैदान.]

ऑक्टोबर २०१५. वीस वर्षांचा रग्बी लीग खेळाडू मॅट लॉज न्यूयॉर्कमध्ये, दारूच्या नशेत, मध्यरात्रीनंतर एका अनोळखी कुटुंबाच्या घरात घुसला. मारहाण झाली, घराची नासधूस झाली. घरातली आई आणि लहान मूल बाथरूममध्ये दार लावून बसले. त्या बंद दाराच्या आत काय चाललं असेल, याचा विचार केल्याशिवाय पुढची चर्चा करू नये. अमेरिकेत त्यानं सौम्य स्वरूपाच्या मारहाणीचा गुन्हा कबूल केला. दिवाणी दाव्यात त्या कुटुंबाला मोठी नुकसानभरपाई द्यायचा निकाल लागला.

पुढचा काही भाग बरोबर झाला. लॉज लगेच वरच्या स्पर्धेत आला नाही. २०१७ मध्ये तो क्वीन्सलंड कपमध्ये, म्हणजे एक पायरी खाली, रेडक्लिफ डॉल्फिन्सकडून खेळला. तिथे प्रेक्षक थोडे, पैसे थोडे. माणूस रोज वेळेवर येतो का, हरल्यावर कुठे जातो, हे तिथे दिसतं.

चूक क्रमात झाली. ब्रिस्बेन ब्रॉन्कोजनं त्याला घेतलं, लीगनं नोंदणी दिली, आणि मार्च २०१८ मध्ये पहिल्याच फेरीत तो मैदानात उतरला. तेव्हा ती भरपाई दिलेली नव्हती, हे वर्तमानपत्रांतून लोकांना कळलं आणि गदारोळ उठला. लीगनं नोंदणीचं समर्थन केलं. पण ज्या कुटुंबाचं देणं होतं ते देण्याआधी त्याच्या हातात पुन्हा लाखो डॉलरचा व्यवसाय आला होता. आमचं ठाम म्हणणं आहे की नोंदणीच्या अर्जासोबत न्यायालयानं सांगितलेली प्रत्येक गोष्ट पूर्ण झाल्याचा पुरावा लागलाच पाहिजे. सगळी रक्कम एकदम देणं शक्य नसेल, तर पगारातून थेट वळती होणारे हप्ते करारातच लिहून घ्यावेत. क्लब खेळाडूचा पगार कापून दंड वसूल करतोच. मग पीडिताचा हप्ता कापायला अडचण कसली?

आणि पीडिताला बातमी टीव्हीवरून कळता कामा नये. घोषणेच्या आधी त्यांना लेखी कळवावं. त्यांनी माफ करावं, सोबत फोटो काढावा, अशी अपेक्षा ठेवायचा अधिकार कुणालाही नाही.

[दृश्य: उत्तर क्वीन्सलंड. अ‍ॅथर्टनच्या पठारावरची हिरवी शेतं, छोटं मैदान, कडेला उभ्या गाड्या.]

आता आणखी एक खेळाडू, टॉड कार्नी. संधी चालते कशी आणि तुटते कशी, दोन्ही इथे दिसतं.

कॅनबेरा रेडर्स या क्लबनं २००८ मध्ये मैदानाबाहेरच्या वर्तनामुळे त्याला काढलं. पुढे न्यायालयानं त्याला त्याच्याच गावात, गोलबर्नमध्ये, वर्षभर पाऊल ठेवायला बंदी केली. २००९ चा मोसम त्यानं अ‍ॅथर्टनमध्ये घालवला. गोलबर्नपासून रस्त्यानं दोन हजार किलोमीटरहून लांब. स्थानिक संघ, स्थानिक माणसं. जुनी मित्रमंडळी नाहीत.

२०१० मध्ये सिडनी रूस्टर्सनं त्याला घेतलं. आदल्या वर्षी तळाला असलेला हा संघ त्या वर्षी अंतिम सामन्यात पोचला. ड्रॅगन्सकडून ३२-८ हरला खरा, पण लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून डॅली एम पदक कार्नीला मिळालं.

मग घसरण सुरू झाली. २०११ च्या सुरुवातीला दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा. क्लबनं दारूबंदीची अट घातली. ऑगस्टमध्ये, दुखापतीमुळे संघाबाहेर असताना, तो सहकाऱ्यांसोबत पिताना दिसला आणि करार संपला.

दुखापतीचा हा तपशील महत्त्वाचा आहे. संघासोबत असलेल्या खेळाडूचा दिवस बांधलेला असतो: सकाळी वजन, व्यायाम, दुपारी चित्रफीत, सराव. दुखापत झाली की हे सगळं सुटतं आणि माणूस दुपारी दोन वाजता मोकळा असतो. अटी लिहिणारे सामन्याच्या दिवसाचा विचार करतात. अटी मोडतात त्या दुखापतीच्या आठवड्यांत, मोसम संपल्यावरच्या 'मॅड मंडे'च्या मेजवानीत, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुट्टीत. म्हणून करारात या दिवसांचं वेगळं वेळापत्रक हवं: समुपदेशकाची भेट कोणत्या वारी, श्वासचाचणी कोण घेणार, सुट्टीत कुठे राहणार, कुणाला फोन करणार.

देखरेख करणारा माणूस क्लबचा नसावा, आणि प्रशिक्षक तर मुळीच नसावा. रविवारी जिंकण्यासाठी ज्याला हा खेळाडू हवा आहे, त्याला शनिवारी रात्रीची बातमी कानावर येऊ द्यायची नसते. यात माणूस वाईट असतो असं नाही, त्याची जागाच तशी आहे. लीगनं नेमलेला, लीगला थेट कळवणारा माणूस असेल तर अटीला वजन येतं. आणि अट मोडली तर काय होणार हे सही करतानाच आकड्यांत लिहिलेलं असावं, म्हणजे नंतर 'बघू' म्हणायला जागा राहत नाही. पहिला करार एकाच वर्षाचा असावा. दोन-तीन वर्षांचा करार दिला की क्लबचेच पैसे अडकतात आणि तोच पांघरूण घालू लागतो.

कार्नीला तिसरी संधीही मिळाली. २०१२ मध्ये क्रोनुला शार्क्स, त्याच वर्षी न्यू साउथ वेल्सची जर्सी. जून २०१४ मध्ये त्याचा एक ओंगळ फोटो पसरला आणि शार्क्सनं तातडीनं करार संपवला. इथे आमचं मत अनेकांहून वेगळं पडेल. त्या फोटोतल्या कृत्यानं दुसऱ्या कुणाला इजा झाली नव्हती. २००८ ते २०११ मधल्या गोष्टींपुढे तो किरकोळ होता. पण शिक्षा त्यालाच सगळ्यात कडक झाली, कारण तो फोटो फोनवर काही तासांत सगळीकडे पोचला. लाज किती पसरली यावर शिक्षा ठरू लागली की बंद दारामागचा, फोटो नसलेला मार तसाच सुटतो.

[दृश्य: किनारा, संध्याकाळ. बायरन बे. गावच्या मैदानावर सराव, दिवे लागत आहेत.]

कार्नी पुढे फ्रान्समध्ये पर्पिन्यांच्या कॅटलन्स ड्रॅगन्सकडून सुपर लीग खेळला. ऑस्ट्रेलियातल्या लीगनं मिटलेलं दार युरोपातल्या लीगमध्ये उघडं असतं, हा या व्यवस्थेतला जुना कच्चा दुवा आहे. एनआरएलमध्ये तो पुन्हा कधी खेळला नाही. पण नंतर बायरन बेच्या रेड डेव्हिल्सकडून, गावपातळीच्या स्पर्धेत खेळला. तिथे नाव गाजत नाही, मोठा पैसा नाही. गवत आहे, तेरा माणसं आहेत, रविवारची दुपार आहे आणि तोच चेंडू आहे.