शंभर ग्रॅम टोमॅटो पेस्ट कोण खातं?

मंडळी, विषय टोमॅटो पेस्ट आणि पिंटो बीन्स असा छापलाय, आणि मघाशी पुढच्या रांगेतून प्रश्न आलाच, "पिंटो म्हणजे काय हो?" आपला वाघ्या घेवडा आठवा, साताऱ्याकडचा, कोरेगावचा, भौगोलिक मानांकन मिळालेला. राजमा, वाघ्या, पिंटो ही सगळी सख्खी भावंडं. आपण पट्ट्यांवरून वाघ्या म्हटलं, स्पॅनिश बोलणाऱ्यांनी ठिपक्यांवरून पिंटो, म्हणजे रंगवलेला. मातकट दाणा, त्यावर तपकिरी शिंतोडे. शिजला की शिंतोडे जातात, सगळा एकरंगी होतो. पहिल्यांदा कुकर उघडला तेव्हा मला चक्क वाईट वाटलं होतं.

तर गोष्ट आमच्या शेजारच्या काकूंची. हिमोग्लोबिन उतरलं होतं. एका दवाखान्यातून त्यांना छापील तक्ता मिळाला: कशात किती लोह, १०० ग्रॅममागे. टोमॅटो पेस्ट जवळजवळ ३ मिलिग्रॅम, शिजवलेले पिंटो २. काकूंनी तक्ता फ्रिजवर चिकटवला आणि घेवड्याची उसळ बंद केली. "तक्त्यात खाली आहे ना गं तो!" पेस्टचा डबा आला. रोज सकाळी पोळीला चमचाभर लावायच्या, तोंड आंबट करून खायच्या. दोन महिने! शेवटी मी तो चमचा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. पेस्ट भरली १६ ग्रॅम. म्हणजे लोह अर्धा मिलिग्रॅम. ज्या उसळीवर त्यांनी पाणी सोडलं, तिच्या दीडशे ग्रॅमच्या एका वाटीत ३ मिलिग्रॅम.

तक्त्यातला आकडा एकही खोटा नव्हता, आणि माझा राग नेमका त्यावरच आहे. पेस्ट म्हणजे आटवलेला टोमॅटो. ताज्या फळात ९४ टक्क्यांहून जास्त पाणी. पाच-सहा किलो आटवावे तेव्हा किलोभर पेस्ट होते. घेवड्याचं उलटं, तो पाणी पिऊन फुगतो. कोरड्या पिंटोत १०० ग्रॅमला २१ ग्रॅम प्रथिनं आणि ५ मिलिग्रॅम लोह, शिजल्यावर तेच ९ आणि २. एकातलं पाणी काढायचं, दुसऱ्यात भरायचं आणि मग दोघांची शर्यत लावायची, हा कुठला न्याय?

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. भरभर सांगते. वाटीभर शिजलेल्या पिंटोत प्रथिनं साडेतेरा ग्रॅम, तंतू तेवढेच, फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व भरपूर. क जीवनसत्त्व नावापुरतं, लायकोपीन, म्हणजे टोमॅटोला लाल करणारं रंगद्रव्य, नाहीच. चमचाभर पेस्टमध्ये प्रथिनं पाऊण ग्रॅमही नाहीत, पण लायकोपीन साडेचार मिलिग्रॅम आणि क जीवनसत्त्व साडेतीन. लायकोपीन अंगी लागायला तेल हवं, ते आपल्या फोडणीत असतंच. आणि घेवड्यातलं लोह शरीर सहज घेत नाही, तिथं क जीवनसत्त्व मदत करतं. म्हणून यांची तुलना करण्यापेक्षा दोघांना एका कढईत घाला. कढई लोखंडी असली तर टोमॅटोच्या आंबटपणानं तिचंही थोडं लोह उतरतं. डब्यावर मीठ किती ते वाचा. डॉक्टरांच्या गोळ्या मात्र सोडू नका.

एकच राहिलं. आंबटात दाणा लवकर शिजत नाही. घेवडा आधी बोटानं चेपला जाईपर्यंत शिजू द्या, मगच पेस्ट घाला. काकू आता तसंच करतात.