घर देणार कोण?

श्रोतेहो, नमस्कार.

नळाला पाणी आलं नाही तर कुठं जायचं, हे नाशिकमध्ये कुणाला विचारावं लागत नाही. महापालिकेची सहा विभागीय कार्यालयं आहेत. पंचवटीचा माणूस पंचवटीच्या ऑफिसात जातो, नाशिकरोडचा नाशिकरोडच्या. घंटागाडी चुकली, रस्त्यावरचा दिवा गेला, ड्रेनेज तुंबलं, तरी तिथंच. पण अंबडच्या कारखान्यात कंत्राटी काम करणारा, बायको-मुलांसह भाड्याच्या एका खोलीत राहणारा कामगार घेऊया. त्याला स्वतःचं घर हवं असेल, तर त्यानं कुणाकडे जायचं? महापालिकेत घरकुलाची चौकशी करायची, म्हाडाच्या सोडतीत नाव घालायचं, की सिडकोतलं एखादं जुनं घर परवडतंय का ते बघायचं? गरिबाच्या घराची जबाबदारी शहराच्या महापालिकेनं घ्यायची म्हणजे नेमकं काय काय घ्यायचं, याबद्दल आज मला तुमच्याशी बोलायचं आहे.

आधी कायद्याकडे बघू. राज्यघटनेची ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. शहरांच्या कारभारासाठी १८ विषयांची यादी तिनं दिली, ती बाराव्या अनुसूचीत आहे. नगररचना, जमिनीच्या वापराचं आणि बांधकामाचं नियमन, रस्ते, पाणी, झोपडपट्टी सुधारणा, शहरी दारिद्र्य निर्मूलन हे सगळं त्या यादीत आहे. गृहनिर्माण हा स्वतंत्र विषय मात्र त्यात नाही. म्हणजे कुठं काय बांधायचं याची परवानगी शहर देणार आणि झोपडपट्टी सुधारणारही शहरच, पण घरं बांधणारी मुख्य यंत्रणा राज्याची. म्हाडा १९७७ ची, तिचं नाशिक मंडळ इथं काम करतं. सिडको ही राज्य सरकारची कंपनी. पुढचा बराचसा गोंधळ इथूनच सुरू होतो.

तरीही आपल्या शहराला या कामाचा अनुभव नाही असं कुणी म्हणू नये. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींच्या भरवशावर गावोगावची माणसं नाशिकला आली, आणि त्यांच्यासाठी सिडकोनं सहा योजनांमध्ये हजारो घरं बांधली. कागदोपत्री तो भाग नवीन नाशिक, पण आपण त्याला सिडको म्हणतो आणि सिडकोच म्हणत राहणार. घरं लहान होती. पण हप्त्यांवर मिळत होती, आणि मुख्य म्हणजे कामाच्या जागेपासून सायकलच्या अंतरावर होती. कामगारानं एका खोलीत संसार थाटला, नंतर मागची मोकळी जागा बांधून घेतली, मग वर मजला चढवला. मुलगा शिकला, खालच्या खोलीत दुकान निघालं. सरकारी घरानं माणसाला नुसतं छप्पर नाही, तर पुढं सरकायला जागा द्यावी लागते, हे नाशिकनं सिडकोत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. माझ्या मते महाराष्ट्रातल्या चांगल्या सार्वजनिक गृहनिर्माणाचं हे एक ठळक उदाहरण आहे, आणि त्याचा अभ्यास व्हायला हवा तितका होत नाही.

त्याची दुसरी बाजूही आहे. घरं बांधली एका संस्थेनं आणि योजना टप्प्याटप्प्यानं आल्या महापालिकेकडे. महापालिकेची स्थापना १९८२ ची. तिच्या वाट्याला आल्या त्या अरुंद गल्ल्या, वाढलेल्या मजल्यांच्या मानानं अपुऱ्या पडणाऱ्या पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनी, आणि वाढीव बांधकामाचे वाद. घरं दिली तेव्हा जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याची होती, त्यामुळे घर विकताना, वारसाच्या नावावर करताना सिडकोचा ना हरकत दाखला लागायचा. घरपट्टी एकीकडे आणि दाखला दुसरीकडे. ज्यानं बांधलं तो सांभाळत नाही आणि जो सांभाळतो त्याला बांधताना कुणी विचारलेलं नव्हतं.

मग एक वेळ अशी आली की महापालिकेलाच बांधावं लागलं. डिसेंबर २००५ मध्ये केंद्र सरकारनं जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू केलं आणि त्यात नाशिकची निवड झाली. शहरी गरिबांना मूलभूत सेवा देणारी योजना त्याच अभियानाचा भाग होती. केंद्राचा हिस्सा, राज्याचा हिस्सा, महापालिकेचा हिस्सा, आणि लाभार्थ्यानं किमान १२ टक्के, मागासवर्गीय असेल तर १० टक्के भरायचे. घर फुकट द्यायचं नाही, असं त्या योजनेत स्पष्ट होतं. चुंचाळे, वडाळा, नीलगिरी बाग इथल्या घरकुलांच्या इमारती त्यातून उभ्या राहिल्या.

इथं मी जरा थांबतो, कारण अशा कामाची खरी परीक्षा इमारत उभी राहिल्यावर सुरू होते.

पहिली गोष्ट यादीची. सर्वेक्षण एका वर्षी होतं, निविदा निघायला वेळ लागतो, काम रेंगाळतं आणि ताबा मिळेपर्यंत काही वर्षं निघून जातात. तोवर यादीतल्या कुटुंबात दोन लग्नं झालेली असतात, कुणी गावी परतलेलं असतं, कुणी वारलेलं असतं, झोपडीत भाडेकरू आलेला असतो. मग पात्र कोण, अपात्र कोण? ही यादी ज्याच्या हातात त्याच्या हातात गरिबाचं नशीब. ती ऑफिसातल्या कपाटात राहिली की दलाल तयार होतात. ती वस्तीतल्या भिंतीवर नावांसह लावली, हरकती घेतल्या, दरवर्षी दुरुस्त केली, तर दलालाला काम उरत नाही.

दुसरी गोष्ट जागेची. चुंचाळे हे शहराच्या पश्चिम टोकाला, अंबड औद्योगिक वसाहतीच्या शेजारी. कारखान्यात काम करणाऱ्याला ते सोयीचं. पण गोदाकाठच्या वस्तीत राहून पंचवटीत भाजीची गाडी लावणाऱ्या माणसाला किंवा गंगापूर रोडच्या चार घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला तिथून रोज दोन बस बदलून यावं लागलं, तर मिळकतीचा लचका तिकिटातच तुटतो. पहाटेची दोन घरं हातची जातात ती वेगळीच. अशी बाई काही महिन्यांनी घरकुल भाड्यानं देऊन जुन्या वस्तीजवळ परतली, तर आपण लगेच म्हणतो, बघा, यांना घरं दिली तरी राहत नाहीत. मला हे म्हणणं अन्यायाचं वाटतं. तिनं घर नाकारलं नाही, रोजगार सोडायला नकार दिला. जिथं वस्ती आहे तिथंच घरं बांधणं अवघड असतं, इमारत पूर्ण होईपर्यंत लोकांची तात्पुरती सोय करावी लागते. तरी शक्य असेल तिथं तेच करायला हवं.

तिसरी गोष्ट ताब्यानंतरची. चार मजली इमारत झाली की पाण्याची मोटार आली, टाकी आली, जिन्यातले दिवे आले, ड्रेनेजचे चेंबर आले. मोटार जळली तर पैसे कुणी काढायचे? सोसायटीची नोंदणी झालेली नसते, वर्गणी कुणी जमा करत नाही, महापालिका म्हणते आता इमारत तुमची. उन्हाळ्यात एक मोटार बंद पडली की वरच्या मजल्यांवरच्या बायका हंडे घेऊन जिने चढतात. घर दिलं म्हणजे काम संपलं असं मानणारी संस्था जबाबदारी घेत नाही, ती फक्त ठेका पूर्ण करते.

हे काम जगात कुठं नीट झालं आहे का? व्हिएन्ना शहराचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. पहिल्या महायुद्धानंतर तिथं घरांची भयंकर टंचाई होती. १९२२ मध्ये व्हिएन्नाला स्वतंत्र प्रांताचा दर्जा मिळाला, म्हणजे स्वतःचे कर लावायचा अधिकार मिळाला. १९२३ मध्ये नगर प्रशासनानं घरबांधणी कर लावला. छोट्या घराला अगदी थोडा आणि आलिशान घराला भरपूर. त्या पैशातून आणि शहराच्या इतर उत्पन्नातून १९३४ पर्यंत ६० हजारांहून जास्त घरं बांधली गेली. त्यांच्यासोबत बालवाड्या, धुलाईघरं, वाचनालयंही आली. ती घरं विकली नाहीत, भाड्यानं दिली आणि शहरानंच सांभाळली. आजही त्या शहराच्या मालकीची सुमारे दोन लाख वीस हजार घरं आहेत. जबाबदारी आणि पैसा दोन्ही एकाच हातात आले, म्हणून हे झालं.

दक्षिण आफ्रिकेची वाट वेगळी. तिथं घरांचा विषय मुळात केंद्र आणि प्रांतांचा. पण १९९७ च्या गृहनिर्माण कायद्यानं घरांचं काम सोपवण्यासाठी नगरपालिकांना मान्यता देण्याची पद्धत आणली, तीही पायरीपायरीनं. आधी शहरानं नियोजन करायचं आणि कुठल्या वस्तीला आधी घरं द्यायची ते ठरवायचं. ते जमलं, माणसं आणि यंत्रणा उभी राहिली, की प्रकल्प राबवायचे. शेवटच्या पायरीवर पैशाचा कारभार. ही वाटचाल तिथंही सरळ झालेली नाही, प्रांत आणि शहरं यांच्यात ओढाताण होत राहिली. पण काम देण्याआधी ते करायची ताकद आहे का हे बघायचं, नसेल तर ती उभी करायची, हा विचार मला पटतो. आपल्याकडे योजना आधी येते आणि इंजिनिअर, सर्वेक्षक, वस्तीत जाऊन बोलणारी माणसं मागाहून शोधली जातात. योजना संपली की तिच्यासाठी उभा केलेला कक्षही विखुरतो आणि शिकलेलं सगळं वाया जातं.

जून २०१५ मध्ये प्रधानमंत्री आवास योजनेचा शहरी भाग सुरू झाला. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या दुर्बल घटकातल्या कुटुंबाला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख रुपये टप्प्याटप्प्यानं मिळण्याची सोय त्यात झाली. २०२४ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला, त्यात भाड्याच्या घरांचाही समावेश आहे. मदत चांगली आहे, पण 'स्वतःच्या जागेवर' या दोन शब्दांत खरी मेख आहे. ज्याच्या नावावर उतारा नाही, त्याला हे दार बंद. झोपडीत राहणाऱ्याकडे नेमका उताराच नसतो. म्हणजे सगळ्यात जास्त गरज असलेला माणूस इथंही रांगेबाहेर राहतो, आणि त्याच्यासाठी पुन्हा महापालिकेलाच जमीन शोधावी लागते.

जमिनीचा विषय निघालाच आहे, तर एका तरतुदीबद्दल बोललंच पाहिजे. मोठ्या शहरांत चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर प्रकल्प करताना २० टक्के भाग दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी राखायचा, असा राज्याचा नियम आहे. चार हजार चौरस मीटर म्हणजे जवळपास एक एकर. ही घरं म्हाडाच्या सोडतीतून जातात. पण लेआउट मंजूर कोण करतं? बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला कोण देतं? महापालिका. त्यामुळे या घरांची पहिली खबर तिच्याकडेच असते. २०२२ मध्ये नाशिकच्या या राखीव घरांचा प्रश्न थेट विधान परिषदेत गाजला होता. सरकारचा एक रुपया खर्च न होता, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, आडगावसारख्या वाढत्या भागांत, चांगल्या शाळा आणि बसथांब्यांजवळ गरिबाला घर मिळू शकतं, ते या नियमामुळे. प्रत्येक पात्र प्रकल्पाचं नाव, त्यातली राखीव घरं आणि म्हाडाला कळवल्याची तारीख विभागीय कार्यालयाच्या फलकावर लागली पाहिजे. यासाठी नवा कायदा लागत नाही. माहिती महापालिकेच्या फायलींमध्येच असते.

२०११ च्या जनगणनेत नाशिकची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. त्यानंतर शहर चारी बाजूंनी पसरलं. एवढ्या मोठ्या शहराला योजना असो वा नसो, सतत चालू राहणारा, माणसं आणि पैसा असलेला गृहनिर्माण विभाग हवा. त्याच्याकडे वस्त्यांची दरवर्षी ताजी होणारी यादी असावी. ताब्यानंतर निदान पाच वर्षं इमारतीसोबत राहून सोसायटी उभी करणारी माणसं असावीत. देखभालीचा निधी पहिल्याच दिवशी बाजूला काढलेला असावा. आणि थोडी घरं भाड्यानं देण्यासाठी शहरानं आपल्याकडेच ठेवावीत, कारण नुकताच कामाला आलेला मुलगा किंवा एकटी राहणारी विधवा बाई यांना विकत घ्यायच्या घराआधी परवडणारी खोली हवी असते.

या विभागाला वर्षभर प्रश्न विचारणारे लोकप्रतिनिधीही हवेत. मार्च २०२२ नंतर काही वर्षं आपल्या महापालिकेत नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकांकडे होता. त्या काळात घरकुलातल्या माणसानं मोटारीची तक्रार कुणाच्या दारात न्यायची, हे त्याचं त्यालाच शोधावं लागलं.

महापालिकेचं अंदाजपत्रक दरवर्षी मार्चच्या सुमारास येतं. रस्ते, उड्डाणपूल, कुंभमेळ्याची कामं यांचे आकडे वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरात छापून येतात. तुमच्या भागातला नगरसेवक भेटला की त्याला तीन गोष्टी विचारा. घरकुलांसाठी यंदा किती रक्कम ठेवली? त्यातली देखभालीसाठी किती? आणि मागच्या वर्षी ठेवलेल्यातली प्रत्यक्षात किती खर्च झाली? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी मागा.

नमस्कार.