जाहिरातीनंतर युद्ध पुढे चालू

नमस्कार श्रोतेहो. आज टेलिव्हिजनवरच्या काही जुन्या प्रेमनाटकांबद्दल बोलणार आहे. गोष्टी युद्धातल्या आणि काळ 1950 नंतरच्या दशकाचा. तेव्हा अमेरिकेत टीव्हीवर नाटक लागायचं ते बहुतेक वेळा थेट. नट स्टुडिओत बोलतोय आणि त्याच क्षणी तो घराघरांत दिसतोय. वाक्य विसरला, तर ते लाखो लोकांसमोर विसरला.

आपल्या आकाशवाणीवरही एके काळी श्रुतिका अशाच थेट सादर व्हायच्या. पण रेडिओच्या नटाला एक मोठी सवलत असते. संहिता हातात असते. पान उलटताना माइकवर सळसळ आली नाही म्हणजे झालं. टीव्हीच्या नटाला सगळं पाठ हवं, शिवाय कोणत्या शब्दावर कोणत्या कॅमेऱ्याकडे वळायचं, तेही.

सीबीएस वाहिनीवर गुरुवारी रात्री 'क्लायमॅक्स!' ही नाट्यमालिका लागायची. 1955 च्या मे महिन्यात तिने अमेरिकन लेखक हेमिंग्वेची 'अ फेअरवेल टू आर्म्स' करायला घेतली. गाय मॅडिसन आणि डायना लिन प्रमुख भूमिकांत. कादंबरी पहिल्या महायुद्धातली. इटालियन सैन्याच्या रुग्णवाहिका सांभाळणारा अमेरिकन लेफ्टनंट हेन्री आणि ब्रिटिश परिचारिका कॅथरिन. तो जखमी होतो, प्रेम जमतं, तो परत आघाडीवर जातो, कापोरेत्तोच्या पराभवानंतर इटालियन सैन्याची ती भयंकर माघार होते, तो सैन्य सोडून पळतो, दोघं होडीतून स्वित्झर्लंड गाठतात. आणि शेवटी कॅथरिन बाळंतपणात जाते. एवढं सगळं एका तासात बसवायचं! तासही पुरता नाही, कारण त्यातून प्रायोजकाच्या, म्हणजे क्रायस्लर मोटारींच्या जाहिराती वजा करायच्या.

हजारो सैनिक चिखलातून मागे हटताहेत, हे स्टुडिओत कसं दाखवणार? नाहीच दाखवता येत. थेट नाटकात युद्ध बहुतेक भिंतीपलीकडेच राहायचं. तोफेचा आवाज, खिडकीवर पडलेला उजेड, दारातून येणारा निरोप्या. कॅमेऱ्यासमोर उरायची दोन माणसं. पडदाही केवढा, तर बैठकीच्या खोलीतल्या कपाटाएवढ्या पेटीतला. त्यावर गर्दी म्हणजे मुंग्या, पण चेहरा मात्र स्वच्छ. त्यामुळे दिग्दर्शक चेहऱ्यांजवळ जायचे आणि प्रेमकथेचं त्यात भलंच व्हायचं.

पडद्यामागे काय चालायचं, हे बघण्यासारखं असायचं. एकाच स्टुडिओत इस्पितळ, हॉटेल आणि स्टेशन शेजारी शेजारी उभं. तीन-चार कॅमेरे आपापल्या जाडजूड केबली ओढत एका सेटवरून दुसऱ्यावर. जाहिरात लागली की नायिका धावत सुटणार, दोघी-तिघी मिळून तिचे कपडे बदलणार, आणि मोटारीचं गुणगान संपायच्या आत तिने पलंगावर पडून आजारी दिसायला हवं. धाप लागली असेल तर तीही आजारात खपवायची.

मरण तर त्याहून अवघड. याच 'क्लायमॅक्स!'चा 1954 मधला किस्सा प्रसिद्ध आहे. एका रहस्यनाट्यात प्रेत झालेल्या नटाला वाटलं, आपलं काम झालं. तो उठला आणि चालता झाला, आणि कॅमेरा अजून त्याच्यावरच होता! आता कॅथरिनच्या शेवटच्या प्रवेशात त्या मुलीच्या मनात काय चाललं असेल, याची कल्पना करा.

आणि एवढं करून दुसऱ्या दिवशी हातात काय उरायचं? फार तर किनेस्कोप. म्हणजे टीव्हीच्या काचेसमोर फिल्मचा कॅमेरा लावून केलेली धूसर नक्कल.

मग टेप आली. अँपेक्स कंपनीचं व्हिडिओटेप यंत्र 1956 मध्ये लोकांसमोर आलं आणि तीन वर्षांत नाटकांचा सगळा ढंगच बदलला. मार्च 1959 मध्ये सीबीएसच्याच 'प्लेहाउस 90' या नाट्यमालिकेने पुन्हा हेमिंग्वेला हात घातला. या वेळी 'फॉर हूम द बेल टोल्स', 12 आणि 19 तारखेला, दोन भागांत. रूपांतर हेमिंग्वेचे मित्र ए. ई. हॉचनर यांचं. दिग्दर्शक जॉन फ्रँकनहायमर, वय अवघं 29, थेट नाटकांच्या धबडग्यात तयार झालेला. 'क्लायमॅक्स!'ही त्याने भरपूर केलं होतं.

ही गोष्ट स्पेनच्या यादवी युद्धातली, 1937 ची. रॉबर्ट जॉर्डन हा अमेरिकन प्राध्यापक डोंगरातल्या गनिमी टोळीबरोबर एक पूल उडवायला आलाय. तिथे मारिया भेटते. फॅसिस्टांनी तिचे केस भादरलेत, ते आता कुठे बोटभर वाढताहेत. जॉर्डन त्या केसांवरून हात फिरवतो. अख्खं प्रेम तीन-चार दिवसांचं, पूल उडेपर्यंतचं. छोट्या पडद्याला याहून योग्य गोष्ट मिळाली नसती.

जॉर्डन झाले जेसन रोबार्ड्स, मारिया झाली मारिया शेल. ही मूळची व्हिएन्नाची. 1938 मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर तिच्या घरच्यांनी स्वित्झर्लंड गाठलं होतं. घर सोडून पळणं तिला कुणी शिकवायला नको होतं. यातले रोबार्ड्स, मॉरीन स्टेपलटन आणि इलाय वॉलक हे तिघंही त्या हंगामात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर नाटकं करत होते. थेट प्रक्षेपण असतं, तर रात्री एकाच वेळी दोन ठिकाणी उभं राहणं त्यांना जमलं नसतं. टेपमुळे जमलं. प्रवेश तुकड्यातुकड्यांनी घ्यायचे, मग ती दोन इंच रुंद टेप पात्याने कापून जोडायची.

सोय झाली यात वाद नाही. पण थेट नाटकात हेन्री आणि कॅथरिनजवळ वेळ कमी असायचा, तसाच तो भूमिका करणाऱ्यांजवळही खरोखर कमी असायचा. घड्याळ दोघांवरही सारखंच चालायचं. टेपवर जॉर्डनकडे तीन दिवस होते, रोबार्ड्सकडे मात्र उद्याचा दिवसही होता. माझ्या मते प्रेमकथेची धार तिथेच थोडी बोथट झाली.

त्याच 1959 च्या सप्टेंबरमध्ये आपल्याकडे दिल्लीत टीव्हीचं पहिलं प्रायोगिक प्रक्षेपण झालं. मुंबईला टीव्ही यायला 1972 चा ऑक्टोबर उजाडला. तिकडे फ्रँकनहायमर तोवर केव्हाच सिनेमात गेला होता. 1964 चा त्याचा 'द ट्रेन' दुसऱ्या महायुद्धातला. त्यासाठी फ्रान्समध्ये त्याने खरीखुरी इंजिनं एकमेकांवर आदळवली, रेल्वेचं अख्खं यार्ड सुरुंग लावून उडवलं. स्टुडिओत जे जे करता आलं नव्हतं, ते सगळं करून घेतलं म्हणा ना! त्या सिनेमातही नायकाच्या वाटेत एक बाई येते, हॉटेल चालवणारी. तिच्या वाट्याला मोजकेच प्रसंग आलेत.