लेखकाचं नावच नाही, मग संदर्भ द्यायचा कसा?

नमस्कार मंडळी. संशोधन करणाऱ्या मुलामुलींच्या संदर्भसूचीत मला एक शब्द फार वेळा दिसतो: 'अज्ञात'. एकेका सूचीत चार-चार अज्ञात. आता ती सूची वाचणाऱ्याने मूळ कागद शोधायचा कुठे? आपण पाहिलेलं साधन दुसऱ्यालाही उघडून तपासता यावं, यासाठीच तर संदर्भ द्यायचा असतो.

मराठीत काम करताना ही अडचण पावलोपावली येते. जुन्या वर्तमानपत्रांतले अग्रलेख, जीआर, जनगणनेचे तक्ते, दफ्तरातले कागद यांवर बऱ्याचदा लेखकाचं नाव नसतंच. म्हणून आज खरी उदाहरणं घेऊन बोलू.

पहिलं उदाहरण 'केसरी'चं. १२ मे १९०८ च्या अंकातला अग्रलेख, 'देशाचे दुर्दैव'. अग्रलेखाखाली नाव न छापण्याची रीत आजही बहुतेक दैनिकं पाळतात. या लेखावर आणि ९ जूनच्या 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या लेखावर राजद्रोहाचा खटला चालला. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला नेलं. हा इतिहास सगळ्यांना पाठ असतो, त्यामुळे विद्यार्थी बेधडक लिहून टाकतात: टिळक, बा. गं. (१९०८).

असं करू नका. कोर्टात टिळक उभे राहिले ते पत्राची जबाबदारी घेणारे म्हणून. मजकूर छापल्याबद्दल कायद्याने कोणाला धरलं हा एक प्रश्न, आणि तो लिहिला कोणी हा दुसरा. न. चिं. केळकर, कृ. प्र. खाडिलकर हेही केसरीत लिहीत होते. अंकावर नाव नसताना सूचीत आपण नाव घातलं, की संशोधनाचा एक वादाचा मुद्दा आपण पुराव्याशिवाय निकालात काढतो. लेख अमुक एकाचाच आहे असं तुम्हाला म्हणायचं असेल, तर खुशाल म्हणा, पण निबंधाच्या मजकुरात, आधार देऊन. सूचीत जे छापलंय तेच.

मग सूचीत सुरुवात कशाने करायची? शीर्षकाने. लेखकाची जागा रिकामी ठेवायची नाही, शीर्षक उचलून तिथे आणायचं. एपीए आणि एमएलए या संदर्भ लिहिण्याच्या दोन प्रचलित पद्धती, त्यांत ही नोंद अशी दिसेल.

(स्क्रीनवर)
एपीए: देशाचे दुर्दैव. (१९०८, १२ मे). केसरी.
एमएलए: "देशाचे दुर्दैव." केसरी, १२ मे १९०८.

नीट पाहा. एपीएच्या सूचीत लेखाच्या शीर्षकाला अवतरणचिन्हं नाहीत. पण मजकुरात कंसात संदर्भ देताना ती येतात: ("देशाचे दुर्दैव", १९०८). पुस्तक किंवा अहवाल असेल तर अवतरणचिन्हांऐवजी तिरपी अक्षरं. शीर्षक लांबलचक असेल तर कंसात पहिले दोन-तीन शब्द पुरतात, मात्र सूचीतली नोंद ज्या शब्दाने सुरू होते त्याच शब्दाने कंसही सुरू झाला पाहिजे. नाहीतर वाचणारा सूचीत भलत्याच अक्षराखाली शोधत बसतो. ही नोंद 'द'खाली लागेल. इंग्रजी शीर्षकाच्या सुरुवातीला 'द' (The) किंवा 'अ' (A) हे उपपद असेल, तर ते सोडून पुढच्या शब्दाने क्रम लावायचा.

आणि 'अज्ञात'? एपीएच्या सातव्या आवृत्तीनुसार तो शब्द तेव्हाच, जेव्हा मूळ लिखाणावर लेखक म्हणून तसंच छापलेलं असेल. टोपणनावाचं म्हणाल, तर ते नावच आहे. मुखपृष्ठावर कुसुमाग्रज असेल तर सूचीतही कुसुमाग्रज.

आता जीआर. शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र, ग्रामविकास, कुठल्याही विषयात हा येतोच. एखादा उघडून समोर ठेवा. वर विभागाचं नाव, शासन निर्णय क्रमांक, दिनांक. शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' आणि त्याखाली उपसचिवांची किंवा कार्यासन अधिकाऱ्यांची सही. कित्येक जण त्या सहीतलं नाव उचलून लेखक म्हणून लावतात. ते अधिकारी शासनाच्या वतीने सही करतात, निर्णय त्यांचा व्यक्तिगत नसतो. इथे लेखक आहे तो विभाग. एपीएत सगळ्यात नेमकी यंत्रणा लेखकाच्या जागी येते, तिच्या वरची यंत्रणा प्रकाशक म्हणून शेवटी. म्हणजे आधी 'शालेय शिक्षण व क्रीडा विभाग', मग दिनांक, विषय, क्रमांक आणि शेवटी 'महाराष्ट्र शासन'. अलीकडच्या जीआरमध्ये शेवटच्या परिच्छेदात एक लांबलचक संगणक संकेतांक असतो. तो जरूर द्या, त्यावरून शासनाच्या संकेतस्थळावर तो जीआर थेट सापडतो.

एमएलएत थोडं वेगळं आहे. तिथे संस्था स्वतःच लेखक आणि स्वतःच प्रकाशक असेल, तर नाव दोनदा येत नाही. नोंद शीर्षकाने सुरू होते आणि संस्था प्रकाशकाच्या जागी जाते. म्हणून आधी आपल्या विद्यापीठाला कुठली पद्धत हवी आहे ते मार्गदर्शकांना विचारून घ्या आणि शेवटपर्यंत तीच धरा.

जनगणनेचंही असंच. नुसतं 'जनगणना २०११' किंवा नुसतं 'भारत सरकार' लिहून भागत नाही. ते आकडे प्रसिद्ध करतं महानिबंधक व जनगणना आयुक्त यांचं कार्यालय. सोबत तक्त्याचं नाव आणि क्रमांक हवा.

काही वेळा नाव असतं, पण आपण पाहत नाही. मराठी विश्वकोशातल्या कितीतरी नोंदींच्या अगदी शेवटी लेखकाचं नाव असतं, आधी आडनाव आणि मग आद्याक्षरं. तिथपर्यंत वाचलंच नाही, की ती नोंद बिनलेखकाची ठरते. वेबसाइटवर 'ॲडमिन' दिसलं तर तो लेखक नव्हे. 'आमच्याविषयी' हे पान उघडा, मजकुराची जबाबदारी घेणारी संस्था बहुधा तिथे सापडते.

यातली एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे, ती ओव्यांची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या आहेत. परंपरेने चालत आलेल्या ओवीचा मूळ कर्ता सांगता येत नाही हे खरं. पण तिथे नोंदवलेली ओवी कोणी गायली, कुठल्या गावात गायली, हे सोबत दिलेलं असतं. एवढं असताना सूचीत 'लोकगीत, अज्ञात' लिहिणं हा त्या बाईवर अन्याय आहे. गाणारीचं नाव, गाव आणि संग्रह, तिन्ही आलंच पाहिजे.

राहिले दफ्तरातले कागद. सुटं पत्र, सही नाही, शीर्षक नाही, कधी तारीखही नाही. अशा वेळी चौकटी कंसात आपणच साधं वर्णन लिहायचं: [गावच्या पाटीलकीच्या तंट्याविषयीचं पत्र]. शीर्षक आपण दिलंय हे त्या कंसावरून कळतं. तारखेच्या जागी 'दिनांक नाही'. अक्षरावरून, कागदावरून काळाचा अंदाज बांधता येत असेल तर तो मजकुरात मांडा, कारणांसकट. मग संग्रहाचं नाव, पुण्याचं पुराभिलेखागार असो की भारत इतिहास संशोधक मंडळ, आणि रुमालाचा, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याचा, क्रमांक. रुमाल क्रमांक तिथेच, कागद हातात असताना वहीत उतरवून घ्या. पुराभिलेखागारात हजारो रुमाल आहेत, नंतर घरी बसून तो आठवत नाही आणि दुसऱ्या कुठूनही मिळत नाही.