अमेरिकेत ऑनलाइन विक्री: सेल्स टॅक्सचं बटण चालू करण्याआधी

[कॅमेऱ्याकडे बघून]

नमस्कार मंडळी. समजा तुमच्या ऑनलाइन दुकानात २०० डॉलरचं एक साधं जॅकेट आहे. न्यूयॉर्क शहरातल्या ग्राहकाने ते मागवलं तर त्यावर १७ डॉलर ७५ सेंट सेल्स टॅक्स लागतो. बॉस्टनच्या ग्राहकाने मागवलं तर १ डॉलर ५६ सेंट. फिलाडेल्फियाच्या ग्राहकाला शून्य. आणि न्यूयॉर्क राज्यात तुमची नोंदणीच नसेल, तर तिथल्या ग्राहकाकडूनही एक सेंट घ्यायचा नाही, कारण परमिट नसताना टॅक्स गोळा करणं बेकायदा आहे.

स्वतःच्या वेबसाइटवरून अमेरिकेत माल विकणाऱ्यांसाठी आजचा व्हिडिओ आहे. तुम्ही अमेरिकेत राहत असा किंवा बाहेरच्या देशातून पार्सल पाठवत असा, नियम तेच. बरेच जण सुरुवात सेटिंगपासून करतात. दुकानाचं सॉफ्टवेअर उघडायचं, टॅक्सचं बटण चालू करायचं आणि निर्धास्त व्हायचं. सॉफ्टवेअर टक्केवारी बिनचूक काढून देईल. पण कुठल्या राज्यात टॅक्स घ्यायचा, तुमची वस्तू नेमकी कशात मोडते आणि गोळा झालेले पैसे कधी भरायचे, हे तुम्हीच ठरवायचं असतं. म्हणून आपण सेटिंगचा स्क्रीन बराच उशिरा उघडणार आहोत.

आधी पाया समजून घेऊ. अमेरिकेत केंद्र सरकारचा सेल्स टॅक्स नाहीच. ४५ राज्यांचा आणि राजधानी वॉशिंग्टन डीसीचा आपापला टॅक्स आहे. डेलावेअर, माँटाना, न्यू हॅम्पशर, ऑरेगन आणि अलास्का या पाच राज्यांत राज्य पातळीवर तो नाही. त्यातही अलास्कात काही शहरं आणि बरो, म्हणजे तिथले जिल्हे, स्वतःचा टॅक्स लावतात, त्यामुळे अलास्काला डोळे झाकून शून्य धरू नका.

राज्याच्या दरावर काउंटी (राज्यातला जिल्हा), शहर आणि खास कर-जिल्ह्यांचे दर चढतात. कॅलिफोर्नियात किमान ७.२५ टक्के, त्यापुढे गावागणिक वाढत जातो. टेक्सासमध्ये राज्याचा ६.२५ आणि स्थानिक जास्तीत जास्त २, म्हणजे कमाल ८.२५. न्यूयॉर्क राज्याचा दर फक्त ४ टक्के, पण न्यूयॉर्क शहरात एकूण ८.८७५. इंडियाना त्या मानाने सोपं: सगळीकडे सरसकट ७.

[स्क्रीनवर: २१ जून २०१८]

आता ही तारीख. या दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने साउथ डकोटा राज्य विरुद्ध वेफेअर ही ऑनलाइन विक्री कंपनी या खटल्याचा निकाल दिला, पाच विरुद्ध चार मतांनी. त्याआधी १९९२ च्या क्विल खटल्याचा नियम चालत होता: राज्यात तुमचं ऑफिस, गोदाम, नोकर असं प्रत्यक्ष काही असेल तरच ते राज्य तुम्हाला टॅक्स गोळा करायला लावू शकत होतं. वेफेअरच्या निकालाने ती अट गेली. नुसत्या विक्रीच्या आकड्यावरूनही तुमच्यावर जबाबदारी येऊ शकते, हे मान्य झालं. राज्याशी असलेल्या या संबंधाला तिथले सगळे नेक्सस म्हणतात. आपणही तोच शब्द वापरू.

साउथ डकोटाने तेव्हा ठेवलेली मर्यादा होती वर्षाला १ लाख डॉलरची विक्री किंवा २०० व्यवहार. बहुतेक राज्यांनी तीच उचलली. यातली २०० व्यवहारांची अट लहान दुकानदारांना फार जाचक होती आणि मला ती अन्यायकारकच वाटते. पाच डॉलरचे स्टिकर विकणाऱ्याच्या २०० ऑर्डरी म्हणजे जेमतेम १,००० डॉलर. तेवढ्यासाठी एका अख्ख्या राज्याची नोंदणी आणि रिटर्न! बऱ्याच राज्यांनी ही अट आता काढून टाकली आहे, खुद्द साउथ डकोटानेही २०२३ मध्ये काढली. मोठ्या राज्यांची मर्यादा वेगळी आहे. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये ५ लाख डॉलर. न्यूयॉर्कमध्ये ५ लाख डॉलर आणि शिवाय १०० पेक्षा जास्त व्यवहार. तिथे दोन्ही अटी एकदम पूर्ण व्हाव्या लागतात. हे आकडे बदलत राहतात, म्हणून प्रत्येक राज्याच्या महसूल विभागाच्या साइटवर जाऊन स्वतः बघा. चार वर्षं जुन्या तक्त्यावर विसंबू नका.

पण प्रत्यक्ष उपस्थितीचा नियम संपलेला नाही, आणि इथे खूप जण फसतात. विक्री अगदी किरकोळ असली तरी राज्यात तुमचा माल साठवलेला असेल, तर बहुतेक राज्यांत पहिल्या डॉलरपासून नेक्सस लागू होऊ शकतो. तुम्ही माल एखाद्या फुलफिलमेंट कंपनीकडे, म्हणजे माल साठवून तुमच्या ऑर्डरी पाठवणाऱ्या कंपनीकडे, ठेवता, ती कंपनी तो आपल्या सोयीने तीन-चार राज्यांतल्या गोदामांत वाटून टाकते, आणि तुम्हाला ते कळतही नाही. तेव्हा आजच तुमच्या साठ्याचा अहवाल उघडा आणि माल कुठल्या राज्यांत पडून आहे ते पाहा. घरून काम करणारा एखादा कर्मचारी दुसऱ्या राज्यात राहत असेल, तर तेही राज्य यादीत धरा.

परदेशातून विकणाऱ्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगते. दोन देशांमधला दुहेरी कर टाळण्याचा करार इथे उपयोगी पडत नाही. तो आयकरासाठी असतो. राज्यांचा सेल्स टॅक्स त्यात येत नाही.

मग ॲमेझॉन, एट्सी, ईबे यांच्यावरून होणाऱ्या विक्रीचं काय? तिथला टॅक्स तेच गोळा करतात आणि तेच भरतात. सेल्स टॅक्स असलेल्या सगळ्या राज्यांनी तसा कायदा केला आहे. शेवटचं राज्य मिसूरी, १ जानेवारी २०२३ पासून. तुमच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या विक्रीची जबाबदारी मात्र संपूर्ण तुमची. आणि मर्यादा ओलांडली का हे मोजताना काही राज्यं मार्केटप्लेसवरची विक्रीसुद्धा धरतात, काही धरत नाहीत. करमुक्त वस्तूंच्या विक्रीचंही तसंच. म्हणून राज्यवार तक्ता करताना तीन रकाने वेगळे ठेवा: एकूण विक्री, मार्केटप्लेसवरची विक्री आणि करमुक्त विक्री. नंतर कुठल्याही राज्याचा नियम लावायचा झाला तरी अडणार नाही.

या तक्त्यातून ज्या राज्यांत नेक्सस आहे असं दिसेल, तिथे परमिट घ्या. अर्ज त्या राज्याच्या महसूल खात्याकडे ऑनलाइन होतो आणि बहुतेक ठिकाणी फुकट असतो. २४ राज्यांनी मिळून स्ट्रीमलाइन्ड सेल्स टॅक्स नावाची व्यवस्था केली आहे; तिथे एकाच अर्जात त्यांपैकी हव्या त्या राज्यांची नोंदणी करता येते. पण सगळीच्या सगळी राज्यं निवडून ठेवू नका. नोंदणी झाली की विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावा लागतो, आणि शून्याचा रिटर्न चुकला तरी कित्येक राज्यं दंड लावतात.

परमिट हातात आलं? आता उघडूया सेटिंग.

[स्क्रीनवर: दुकानाचं टॅक्स सेटिंग]

पहिली गोष्ट, किमतीत टॅक्स समाविष्ट आहे असं सांगणारी खूण काढून टाका. अमेरिकेत किंमत टॅक्सशिवाय दाखवतात आणि टॅक्स चेकआउटला वेगळ्या ओळीत येतो. ही खूण चुकून राहिली, तर प्रत्येक ऑर्डरीतला टॅक्स तुमच्याच नफ्यातून जाईल.

दुसरी, ज्या राज्यांचं परमिट आहे तेवढीच राज्यं चालू करा आणि परमिट क्रमांक नीट भरा. बाहेरच्या राज्यातून विकणाऱ्याला जवळजवळ सगळीकडे माल जिथे पोचतो तिथला दर लावायचा असतो. टेक्सास, ओहायो, पेनसिल्व्हेनियासारख्या काही राज्यांत तिथल्याच दुकानदाराला मात्र आपल्या ठिकाणचा दर लावायचा असतो. त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये तुमचा स्वतःचा पत्ताही बरोबर हवा.

दर शोधायला नुसता पाच आकडी झिप कोड पुरत नाही. झिप कोड टपाल वाटण्यासाठी आखलेले आहेत, त्यांचा शहरांच्या हद्दीशी मेळ बसत नाही. एकाच झिप कोडमधल्या दोन घरांचे दर वेगळे असू शकतात. पूर्ण पत्त्यावरून दर काढणारी सोय घ्या. हाताने दरांचा तक्ता भरायच्या फंदात पडू नका, कारण स्थानिक दर वर्षभर बदलत असतात.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि लोक ती हमखास सोडून देतात: वस्तूचा प्रकार. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वस्तूला एक टॅक्सचा वर्ग द्यायची सोय असते. ती रिकामी ठेवली की सगळ्या वस्तू सर्वसाधारण मालात जातात आणि पूर्ण टॅक्स लागतो.

आता आपलं जॅकेट बघा. न्यूयॉर्कमध्ये ११० डॉलरपेक्षा कमी किमतीच्या कपड्यावर राज्याचा टॅक्स नाही, आणि न्यूयॉर्क शहरानेही आपला टॅक्स त्यावर माफ केला आहे. पण किंमत ११० झाली की सूट पूर्ण जाते आणि सगळ्या रकमेवर टॅक्स बसतो. म्हणून २०० वर ८.८७५ टक्के, १७.७५. मॅसॅच्युसेट्समध्ये, म्हणजे बॉस्टनच्या राज्यात, १७५ डॉलरपर्यंत सूट आहे, पण तिथे फक्त वरच्या रकमेवर टॅक्स लागतो: २५ डॉलरवर ६.२५ टक्के, १.५६. पेनसिल्व्हेनियात, म्हणजे फिलाडेल्फियाच्या राज्यात, रोजच्या वापराचे कपडे करमुक्तच. आणि कॅलिफोर्नियात अशी काहीच सूट नाही, कमीत कमी १४ डॉलर ५० सेंट. जॅकेटला ‘कपडे’ हा वर्ग दिलेला नसेल, तर फिलाडेल्फियाच्या ग्राहकाकडून तुम्ही त्याला न लागणारे पैसे घेत राहाल.

खाद्यपदार्थांत तर आणखी बारकावे. स्ट्रीमलाइन्ड व्यवस्थेतल्या राज्यांच्या व्याख्येनुसार ज्यात पीठ आहे ते कँडी धरलं जात नाही. त्यामुळे जिथे किराणा करमुक्त आणि कँडीवर टॅक्स आहे, अशा राज्यात साधं चॉकलेट आणि पिठाचा वेफर घातलेलं चॉकलेट यांना वेगवेगळी वागणूक मिळते. डाउनलोड करून द्यायच्या फायलींचंही एकसारखं नाही: वॉशिंग्टन राज्यात आणि पेनसिल्व्हेनियात टॅक्स लागतो, कॅलिफोर्नियात, ग्राहकाला कुठलीही प्रत्यक्ष वस्तू न देता फक्त डाउनलोड दिलं तर, साधारणपणे लागत नाही.

आणि पार्सलचा खर्च. टेक्सास आणि न्यूयॉर्कमध्ये वस्तूवर टॅक्स असेल तर शिपिंगवरही लागतो. कॅलिफोर्नियात शिपिंग बिलात वेगळं दाखवलं, माल कुरिअरने थेट ग्राहकाकडे गेला आणि तुम्हाला आलेल्या खर्चापेक्षा जास्त पैसे घेतले नाहीत, तर त्यावर टॅक्स नाही. पण हाताळणीचं शुल्क त्यातच मिसळलंत की तो भाग करपात्र होतो. दोन्ही वेगळे दाखवा.

सगळं भरून झालं की खोट्या ऑर्डरी टाकून तपासा. परमिट असलेल्या प्रत्येक राज्यातला एक पत्ता, परमिट नसलेल्या राज्यातला एक, करमुक्त वस्तू, कूपन लावलेली ऑर्डर आणि परतावा. दुकानाने स्वतः दिलेल्या सवलतीनंतर उरलेल्या रकमेवरच टॅक्स लागायला हवा. पैसे परत करताना टॅक्सही परत जायला हवा.

जमा झालेला टॅक्स वेगळ्या खात्यात ठेवा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तो राज्याचा पैसा आहे, तुमच्याकडे फक्त विश्वासाने ठेवलेला. धंद्याच्या अडचणीत तो वापरला आणि भरला नाही, तर कंपनीचा आडोसा न मानता कित्येक राज्यं थेट मालकाकडून वसूल करतात. दुकानाचं सॉफ्टवेअर टॅक्स गोळा करून देतं. रिटर्न साधारणपणे तुम्हालाच भरावा लागतो, नाहीतर त्यासाठी वेगळी सेवा घ्यावी लागते. मासिक, तिमाही की वार्षिक, ते राज्य कळवतं. त्या तारखा आल्या आल्या कॅलेंडरमध्ये टाका.

काही जणांच्या आता लक्षात येत असेल की आपली मर्यादा दोन वर्षांपूर्वीच ओलांडली गेली. घाबरून आजच्या तारखेचं परमिट घेऊन मोकळं होऊ नका. मागची थकबाकी तशीच राहते, आणि रिटर्न भरलेलाच नसेल तर तपासणीची कालमर्यादाही सुरू होत नाही. अशांसाठी राज्यं स्वेच्छेने माहिती देण्याचा करार करतात. त्यात साधारण मागची तीन-चार वर्षंच बघतात आणि दंड बहुतेक वेळा माफ होतो, व्याज मात्र द्यावं लागतं. ग्राहकांकडून टॅक्स घेऊन भरला नसेल तर ही सवलत तशी मिळत नाही, तो सगळाच्या सगळा भरावा लागतो. जाणकार सल्लागारामार्फत सुरुवातीला नाव न सांगताही विचारणा करता येते. फक्त हे सगळं राज्याचं पत्र तुमच्याकडे येण्याआधी व्हायला हवं. पत्र आल्यावर त्या राज्यात हा मार्ग सहसा बंद होतो.