चपलेला धरून चालणारा पाय

एक काम करा. पायातली स्लिपर काढून हातात घ्या. हो, इथंच, लाजू नका. जिथं बोटं टेकतात, ती जागा बघा. वर्षभर वापरलेली असेल तर तिथं चार-पाच खळगे दिसतील. वजनानं पडले असतील, असं वाटतं, आणि थोडे पडलेही असतील. पण बोटांच्या टोकांशी ते खोल का गेलेत? कारण बोटं तिथं नुसती टेकलेली नव्हती, दिवसभर रुतून बसलेली होती.

बुटाला नाडी असते, सँडलला मागं पट्टा असतो. तिथं पादत्राण पायाला धरतं. स्लिपरला मात्र पायानंच धरावं लागतं. मला जे सांगायचंय ते सगळं या उलट्या कारभारातून निघतं.

पाऊल उचललं की स्लिपरची मागची बाजू लोंबते आणि फट्‌ करून टाचेवर आपटते. ती निसटू नये म्हणून प्रत्येक पावलाला बोटं आकसतात. बोटं वाकवणारे मोठे स्नायू पायात नसून पोटरीत असतात. त्यांचे दोर घोट्यामागून तळव्यात उतरतात. म्हणून दिवसभर स्लिपर घालून फिरलेला माणूस संध्याकाळी पोटऱ्या चेपत बसतो आणि दोष वयाला देतो.

अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठात 2008 साली 39 तरुण-तरुणींना आधी स्लिपर आणि मग बूट घालून चालवून पाहिलं. स्लिपर घातल्यावर त्यांची पावलं आखूड पडत होती.

आता तळव्याकडे वळू. टाचेपासून बोटांपर्यंत तिथं एक चिवट पडदा ताणलेला असतो. टाच उचलताना बोटं वर वळतात आणि रहाटावर दोर गुंडाळावा तसा तो ताणला जातो; पायाची कमान वर येते, पाऊल ताठ होतं आणि आपण पुढं रेटले जातो. हिक्स नावाच्या शल्यविशारदानं 1954 मध्ये ही यंत्रणा मांडली. म्हणजे बोटं वर वळायला हवीत त्याच क्षणी आपण ती स्लिपर धरायला खाली दाबतो. त्यात तळ सपाट आणि पातळ. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिल्या चार पावलांना टाचेत कळ येत असेल, तर हा पडदा दुखावलेला असण्याची शक्यता मोठी. स्लिपर हे त्याचं एकमेव कारण नव्हे बरं का. वाढलेलं वजन, तासन्‌तास उभं राहणं, आखडलेली पोटरी, हीही कारणं आहेतच.

पण स्लिपरला सरसकट झोडपणाऱ्यांतला मी नाही. शिकागोच्या रश विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 मध्ये गुडघ्याची झीज झालेल्या रुग्णांना वेगवेगळी पादत्राणं घालून चालवलं. जाड, ताठ बुटांपेक्षा लवचीक स्लिपरमध्ये गुडघ्यावरचा भार कमी भरला, जवळजवळ अनवाणी चालण्याइतका. आणि सार्वजनिक न्हाणीघरात, पोहण्याच्या तलावाकाठी तर ती घालायलाच हवी. ओल्या फरशीवरून बुरशी आणि तळव्याचे चामखीळ लागतात. तेवढ्यापुरती ती उत्तम. मैलभर चालायला, जिने चढायला, गाडी चालवायला मात्र नको. पेडलखाली ती अडकते.

मधुमेह्यांची गोष्ट वेगळी. त्यांचे तळवे हळूहळू बधिर होऊ शकतात. माझ्याकडे एक गृहस्थ आले. खुर्चीत बसले तेव्हा डाव्या पायात स्लिपर होती, उजवा पाय उघडा. मी म्हटलं, "काका, दुसरी कुठंय?" त्यांनी खाली पाहिलं, मला म्हणाले, "अहो, होती की!" ती जिन्यात सापडली. नायलॉनचा बारीक तंतू, वाकेल तेव्हा 10 ग्रॅम दाब देणारा, त्यांच्या तळव्याला टेकवला, तर त्यांना तो कळलाच नाही. चवड्याखाली फोड फुटलेला होता, तोही त्यांनी माझ्याकडूनच ऐकला.

अशांना मी घरातही स्लिपर नको म्हणतो. पुढून बंद, आत मऊ, मागं टाच धरणारं काहीतरी हवं. घालण्याआधी आत हात फिरवून खडा, उसवलेली शिवण चाचपायची. रात्री तळवे उजेडात बघायचे. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून.